संगणक अडला तर : आधी नक्कल, मग दुरुस्ती





एका पावसाळ्यातली गोष्ट आहे. धारवाडात राहणाऱ्या आपल्या एका विद्यार्थ्याच्या घरचा संगणक एके सकाळी सुरू होईना. पंखा फिरत होता, दिवा लागत होता, पण पडदा काळाच. त्या संगणकात मुलाच्या आजोबांनी निवृत्तीनंतर चार वर्षे रोज थोडे थोडे करून टंकलेल्या आठवणी होत्या. गावाकडचे घर, या गावी येऊन केलेला संसार, गेलेली माणसे, सगळे त्यात होते. घरच्यांनी संगणक एका दुकानात नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी तो अगदी नव्यासारखा होऊन परत आला. विंडोज नवी, पडदा स्वच्छ, आणि आत काहीही नाही.

बिल आम्ही पाहिले. त्यावर दोन ओळी होत्या. पहिली, रॅम साफ केली. दुसरी, फॉरमॅट केले. खरे तर पहिल्या ओळीनेच संगणक सुरू झाला होता. दुसऱ्या ओळीची गरजच नव्हती. पण दुकानदाराला कोणी सांगितले नव्हते, आणि घरात दुसरी नक्कल नव्हती.

या प्रसंगानंतर आम्ही संगणक कक्षातील शिक्षकांनी ठरवले की, घरच्या संगणकाचे आणि इंटरनेटचे नेहमीचे बिघाड कसे शोधायचे यावर एक धडा लिहायचा. यातले बरेचसे काम आठवी-नववीचा विद्यार्थी वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन करू शकतो. जे करू नये तेही सांगितले आहे. लेख कापून संगणकाजवळ ठेवावा.

१. तीन नियम

पहिला नियम : आधी विचारा, "काल चालत होते, मग आज काय बदलले?" नवा प्रिंटर जोडला का? फर्निचर हलवले का? रात्री वीज कडाडली का? करंट जाऊन आला का? निम्म्या वेळा उत्तर इथेच सापडते.

दुसरा नियम : एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पाहा. केबल, रॅम आणि प्लग तिन्ही एकदम बदलले आणि संगणक सुरू झाला, तर बिघाड कशात होता ते कळत नाही. तो पुन्हा आला की पुन्हा अंधारात चाचपडणे.

तिसरा नियम : वहीत लिहा. पडद्यावर आलेला इंग्रजी संदेश घाईने पुसू नका. तो अक्षरन् अक्षर उतरवा किंवा मोबाइलने फोटो काढा. "काहीतरी एरर आली" या वाक्यावरून कोणालाच काही सांगता येत नाही. केबल काढण्याआधीही पाठीमागचा एक फोटो काढून ठेवावा.

२. काहीच होत नाही

बटण दाबले, पंखा नाही, दिवा नाही. अशा वेळी विजेची वाट भिंतीपासून संगणकापर्यंत क्रमाने तपासा. भिंतीच्या सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावा. चालला तर सॉकेट ठीक. मग तोच चार्जर एक्स्टेन्शन बोर्डाला लावा, मग यूपीएसला. जिथे चार्जर बंद पडेल तिथे दोष. कॅबिनेटच्या मागे एसएमपीएसजवळ एक छोटी कळ असते. झाडलोट करताना ती पुष्कळदा दाबली जाते, तीही पाहा. शेवटी पॉवर केबल बदलून पाहा.

यूपीएसमध्ये बंद शिशाची बॅटरी असते. साधारण तीन-चार वर्षांत ती दमते. करंट जाताच यूपीएस ओरडून लगेच बंद होत असेल तर बॅटरी बदलावी, यूपीएस टाकू नये. लेझर प्रिंटर घरच्या लहान यूपीएसला कधीही लावू नये. कागदावर शाई वितळवून बसवताना तो एकदम फार वीज ओढतो.

आपल्याकडच्या जुन्या घरांत एक प्रश्न वारंवार दिसतो. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. अशा वेळी तीन पिनांचा सॉकेट भिंतीवर असतो, पण त्याच्या मोठ्या भोकाला अर्थिंगची तार जोडलेलीच नसते. एसएमपीएसमधील थोडी वीज जी जमिनीत जायला हवी, ती तुमच्या बोटांतून जाते. यावर चप्पल घालून बसणे हा उपाय नव्हे. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे. हा खर्च संगणकासाठी नसून घरातल्या माणसांसाठी आहे.

सक्त सूचना : एसएमपीएसचा डबा आणि जुन्या पेटीसारख्या मॉनिटरची पाठ विद्यार्थ्यांनी कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही आत धोकादायक दाब साठून राहतो. लॅपटॉपची बॅटरी फुगलेली दिसली तर तो वापरणे व चार्ज करणे ताबडतोब थांबवावे. बॅटरीला टोचू किंवा दाबू नये.

३. पंखा फिरतो, पडदा काळा

हीच ती आजोबांच्या घरची तक्रार. आधी मॉनिटरचा दिवा पाहा. तो विझलेला असेल तर मॉनिटरलाच वीज नाही. तो पिवळसर असेल किंवा उघडझाप करत असेल, तर मॉनिटर जिवंत आहे, पण संगणकाकडून चित्र येत नाही. केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा नीट बसवा. निळ्या टोकाच्या व्हीजीए केबलमध्ये १५ पिना असतात. एखादी वाकलेली नाही ना, तेही पाहा.

केबल ठीक असेल तर पुढचा संशय रॅमवर. धारवाड मलनाडाच्या उंबरठ्यावर आहे. जून ते सप्टेंबर हवेत ओल असते, आणि रॅमच्या पट्टीच्या टोकांवर बारीक थर चढतो. उपाय असा : संगणक बंद करून प्लग काढा. पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेट उघडा आणि त्याच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते. खाचेच्या टोकाची खिटी दाबून रॅम बाहेर काढा. पांढऱ्या मऊ खोडरबराने सोनेरी टोके हलक्या हाताने पुसा, कचरा झटका, आणि दोन्ही टोकांना 'टक' असा आवाज येईपर्यंत पट्टी पुन्हा बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा.

काही संगणक बिघाड पिपाणीसारख्या आवाजाने सांगतात. आवाजांचा अर्थ कंपनीनुसार बदलतो, म्हणून किती वेळा आणि लांब की आखूड एवढे वहीत लिहावे.

४. घड्याळ मागे पडते आणि नेटही चालत नाही

हा बिघाड गमतीचा आहे. संगणक सुरू केला की तारीख काही वर्षे मागची दाखवतो, आणि बँकेची किंवा परीक्षेची साइट उघडताना "हे जोडणे सुरक्षित नाही" अशा अर्थाचा संदेश येतो. पालक नेटवाल्याला फोन करतात. दोष मात्र नेटचा नसतो.

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी असते. बहुतेक ठिकाणी तिचा क्रमांक सीआर२०३२ असतो. संगणक बंद असताना घड्याळ तीच चालवते. ती संपली की तारीख चुकते. प्रत्येक सुरक्षित साइटकडे एक प्रमाणपत्र असते, त्यावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. तुमच्या संगणकाच्या मते ती मुदत अजून सुरूच झालेली नसते, म्हणून तो दार उघडत नाही. तूर्त तारीख दुरुस्त करा, आणि थोड्या पैशांत मिळणारी ही बॅटरी बदला.

५. मध्येच बंद पडतो, किंवा फार हळू चालतो

दहा-पंधरा मिनिटे चालून संगणक आपोआप बंद होतो आणि थोड्या वेळाने पुन्हा चालतो, असे असेल तर बहुधा उष्णता हे कारण. प्रोसेसर जळू नये म्हणून यंत्र स्वतःच बंद होते. धारवाडची तांबडी माती काय आणि हुबळीची काळी माती काय, उन्हाळ्यात दोन्ही पंख्याच्या पात्यांवर जाऊन बसतात. प्लग काढून कोरड्या रंगाच्या ब्रशने धूळ काढावी. पंखा बोटाने धरून ठेवावा, तो गरगर फिरू देऊ नये. ओले फडके वापरू नये. कॅबिनेट भिंतीला चिकटवून किंवा बंद कपाटात ठेवू नये.

संगणक हळू झाला असेल तर डिस्क किती भरली आहे ते पाहा. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला की विंडोजला हालचालीला जागा राहत नाही. जुन्या संगणकात फिरती हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी बसवल्याने पुष्कळ फरक पडतो. विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. ज्या जुन्या संगणकावर विंडोज ११ चालत नाही, तो भंगारात टाकण्याआधी त्यावर लिनक्स घालून पाहावी. अभ्यासाला, पत्रलेखनाला आणि नेट पाहायला ती पुरते, आणि फुकट मिळते.

मात्र हार्ड डिस्कमधून 'टक टक' असा नवा आवाज येऊ लागला तर साफसफाईच्या फंदात पडू नका. डिस्क मरणपंथाला लागल्याची ती खूण आहे. तिच्यातले महत्त्वाचे आधी दुसरीकडे उतरवा. शक्य झाले नाही तर संगणक बंद करून जाणकाराकडे न्या. ती चालू ठेवलेला प्रत्येक तास धोक्याचा.

६. "नेट नाही" म्हणजे नक्की कुठे नाही?

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून डायल करावे लागे, आणि नेट चालू असताना फोन लागत नसे. बीएसएनएलची ब्रॉडबँड सेवा जानेवारी २००५ मध्ये आली, आणि फोन व नेट एकाच तारेवर एकाच वेळी चालू लागले. आता पुष्कळ घरांत काचेच्या तंतूची, म्हणजे फायबरची जोडणी आहे. साधने बदलली, पण तपासण्याची रीत तीच आहे.

वहीत एक रेघ काढा : खांब – फायबरचा डबा – राउटर – वाय-फाय – संगणक – साइट. आता ही रेघ मधोमध तोडून पाहायची. घरातला मोबाइल त्याच वाय-फायवर चालतो का? मोबाइलचा डेटा आधी बंद करा, नाहीतर फसाल. मोबाइल चालत असेल तर खांबापासून वाय-फायपर्यंत सर्व ठीक, दोष संगणकात. मोबाइलही चालत नसेल तर दोष राउटरकडे किंवा बाहेर. दोन मिनिटांत अर्धी रेघ बाद झाली.

दिवे वाचा. फायबरच्या डब्यावर 'एलओएस' नावाचा दिवा असतो. तो लाल झाला तर खांबाकडून प्रकाशच येत नाही. आतली बारीक केबल फार वाकली आहे का एवढे पाहा आणि तक्रार नोंदवा. तिचे टोक काढून डोळ्यासमोर धरू नका. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला अपाय करू शकतो. अजून टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर ब्रॉडबँड असेल तर 'डीएसएल' दिवा पाहा. तो स्थिर नसेल आणि फोनवर खरखर असेल तर कुठेतरी जोडावर ओल शिरली आहे.

बंद करून चालू करणे. राउटर बंद करून अर्धा मिनिट थांबून चालू केला की पुष्कळदा नेट येते. ही जादू नव्हे. राउटर हाही एक छोटा संगणकच आहे. महिनोन्‌महिने चालून त्याची स्मृती गुंतते, ती रिकामी होते. रोजच असे करावे लागत असेल तर मात्र तो आजारी आहे, किंवा त्याचा अॅडॅप्टर.

पत्ता मिळाला का? कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजी अक्षरांत 'आयपीकॉन्फिग' टाइप करा. घरगुती जोडणीत आयपीव्ही४ पत्ता बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर संगणकाला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. केबल किंवा वाय-फायची जोडणी तोडून पुन्हा जोडा. पत्ता ठीक, तरी साइट उघडत नाही? मग 'पिंग ८.८.८.८' करून पाहा (आकडे इंग्रजी). उत्तर आले, पण साइटच्या नावाने काही उघडत नसेल, तर नावावरून पत्ता शोधून देणारी यंत्रणा, म्हणजे डीएनएस, अडली आहे. लाइन चालू आहे, टेलिफोनची डिरेक्टरी तेवढी हरवली आहे, असे समजा.

भिंतींचा प्रश्न. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग पडद्यावर आले, तेव्हा "सर, आवाज तुटतो" ही तक्रार आम्ही रोज ऐकली. पुष्कळ घरांत लाइन ठीक होती. राउटर मात्र दिवाणखान्यात टीव्हीच्या मागे, आणि मूल शांतता हवी म्हणून मागच्या खोलीत, मध्ये दोन जाड दगडी भिंती. वाय-फायचे २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे असतात. पहिला हळू, पण भिंतीपलीकडे जातो. दुसरा वेगवान, पण लवकर दमतो. राउटर घराच्या मध्यावर, उंच व मोकळ्या जागी ठेवावा. लोखंडी कपाट आणि मायक्रोवेव्ह ओव्हनपासून तो लांब असावा. परीक्षेच्या अर्जासारखे महत्त्वाचे काम शक्यतो केबल लावून करावे.

एक उदाहरण सोडवा. जाहिरातीत ४० एमबीपीएस लिहिलेले असते, मग ६०० मेगाबाइटची फाइल उतरायला किती वेळ लागेल? एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट. ८ बिट म्हणजे १ बाइट. ४० ला ८ ने भागल्यास सेकंदाला ५ मेगाबाइट. ६०० ला ५ ने भागल्यास १२० सेकंद, म्हणजे २ मिनिटे. प्रत्यक्षात थोडे अधिकच लागेल. पण २० मिनिटे लागली तर तक्रार करण्यासारखी गोष्ट आहे. तक्रार करताना तारीख, वेळ, दिव्यांची स्थिती सांगावी आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यावा.

सावधान. मदतीचा फोन क्रमांक नेटवर शोधू नका, तो बिलावरूनच घ्या. खोटे क्रमांक देऊन फसवणारे पुष्कळ आहेत. "तुमच्या संगणकात विषाणू आहे, या नंबरवर फोन करा" असे पडद्यावर आले तर तोही सापळाच. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून पडदा दाखवणारे अॅप घालू नये, ओटीपी सांगू नये. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे.

७. वळवाची वीज

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे दुपारनंतर वळीव येतो. ढग गडगडू लागले की संगणक रीतसर बंद करून प्लग भिंतीतून काढावा. नुसती कळ बंद करणे पुरेसे नाही. तांब्याची टेलिफोन तार किंवा नेटची केबल बाहेरून येत असेल तर तीही काढावी. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण राउटरचा अॅडॅप्टर विजेच्या सॉकेटमध्येच असतो, हे विसरू नये. कडकडाट डोक्यावर आला असेल तर मात्र तारांना हात लावू नये. यंत्र गेले तरी चालेल.

करंट गेला की कळ बंद करा, आणि तो परत आल्यावर दोन-चार मिनिटे थांबून संगणक लावा.

८. आणि सर्वांत आधी, नक्कल

वरचे सगळे बिघाड पैशाने भरून येतात. रॅम, डिस्क, राउटर बाजारात मिळतात. आतला मजकूर बाजारात मिळत नाही. म्हणून जगभर एक साधा नियम सांगतात : तीन-दोन-एक. महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. एक संगणकात, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, तिसरी नातेवाइकांकडे किंवा गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी. पेन ड्राइव्ह ने-आण करायला चांगला, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नये.

संगणक दुरुस्तीला देताना चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहा : "आतील मजकूर हवा आहे. विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये." आणि त्यावर दुकानदाराची सही घ्या. संगणक सुरू होत नसला तरी डिस्क बहुधा चांगली असते. ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडून मजकूर उतरवता येतो. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क कुलूपबंद असू शकते. तिची ४८ आकडी रिकव्हरी की आजच शोधून वहीत लिहून ठेवावी.

विश्वस्त मंडळींना विनंती अशी की, शाळेच्या संगणक कक्षाचे अर्थिंग दरवर्षी पावसाळ्याआधी तपासून घ्यावे, आणि विद्यार्थ्यांच्या कामाच्या व शाळेच्या नोंदींच्या नकला इमारतीबाहेर ठेवण्याची सोय करावी. यूपीएसच्या जुन्या बॅटऱ्या कचऱ्यात न टाकता नवी घेताना दुकानातच परत कराव्यात. त्यांतले शिसे विषारी असते.

गृहपाठ

१. घरातल्या नेटची रेघ काढा आणि प्रत्येक दिव्याचा नेहमीचा रंग लिहा. चांगले चालू असताना रंग माहीत असेल तरच बिघडल्यावर फरक कळेल.
२. घरातल्या मोठ्या माणसांना विचारा : या संगणकातले काय गेले तर तुम्हाला वाईट वाटेल? त्याची यादी करा.
३. त्या यादीची नक्कल या रविवारी करा.

आजोबांच्या आठवणी परत मिळाल्या नाहीत. फॉरमॅटनंतर त्याच डिस्कवर नवी विंडोज बसली होती. आम्ही प्रयत्न केला, तेव्हा हाती थोडी तुटक पाने लागली, एवढेच. पण आजोबांनी पुन्हा लिहायला घेतले आहे. आता ते सांगतात आणि नातू टंकतो. दर शुक्रवारी नक्कल होते, आणि एक प्रत हुबळीला आत्याच्या कपाटात असते. नातवाने आम्हाला सांगितले, "सर, या वेळी आजोबा पहिल्यापेक्षा जास्त सांगतात. मी मध्ये मध्ये विचारतो ना, म्हणून."

तुमच्या घरचे काम या रविवारी होऊ द्या. अडचण आली तर वहीसह संगणक कक्षात या. वही नसेल तर आम्ही पहिला प्रश्न तोच विचारू : काल चालत होते, मग आज काय बदलले?